निर्माल्य आणि डावं इंजिन

मी बोटीवर कामाला लागले तेव्हा घोडपदेवच्या आमच्या चाळीत पहिले आठ दिवस बायकांनी मला नावं ठेवली आणि नवव्या दिवसापासून पिशव्या दिल्या. नावं ठेवल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. आमच्या मजल्यावर नावं ठेवायला सगळ्यांकडे वेळ होता आणि आज ना उद्या प्रत्येकीची पाळी यायचीच. पण त्या पिशव्यांनी एका भल्या माणसाची नोकरी जायची वेळ आणली होती. हे मी इतकी वर्षं नीट कुणाला सांगितलं नाही, ते आता लिहून टाकते. गुडघे कुरकुरतात, चाळीच्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिलाय, आणि त्यातली लिफ्ट अडकली की सोसायटीचे लोक अजून आधी माझ्याच दाराची बेल वाजवतात. बसून लिहायला मात्र गुडघे लागत नाहीत.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खोलीच्या एका कोपऱ्यात देवघर आणि दुसऱ्या कोपऱ्यात बाबांचा टेस्टिंग बोर्ड. आई रोज सकाळी दोन्ही पुसायची आणि दोन्हींना शिवताना सारखीच घाबरायची. बाबा गिरणीत वायरमन होते, पुढे भायखळ्याच्या बाजूला एका हॉस्पिटलात लिफ्टवर लागले. मुलगा नव्हता, म्हणून फ्यूज बांधायला, होल्डर बदलायला त्यांनी मलाच हाताशी धरलं, आणि मी आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला नाव घातलं तेव्हा सबंध वर्गात मी एकटीच मुलगी. आई म्हणायची, "चेडवाक शिवणकाम शिकवूचां तर ह्यांनी पकड दिली हातात!" पण मालवणीत कितीही ओरडली तरी माझ्या ॲप्रनची बटणं तीच लावून द्यायची. सकाळी साडेपाचला सगळ्या मजल्यावर स्टोव्हचे पंप मारल्याचे आवाज, मग नळाची धार, मग शेजारच्या गावडे काकींचा खोकला आणि त्यांच्या रेडिओवरचं भजन. गावडे काकींची डोअरबेल वाजली की आमचा दिवा लुकलुकायचा, आणि याचं कारण मी आठवीत असताना शोधून काढलं होतं. गंजलेलं अर्थिंग. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझी नोकरी तिच्यावरच लागली.

बाबांचे एक जुने दोस्त होते, पास्कल अंकल. माझगावच्या गावठाणातले ख्रिश्चन, तरुणपणी बाबांबरोबर गिरणीत फिटर, नंतर एका शेटच्या खाजगी यॉटवर इंजिनमिस्त्री. शेटचा कापडाचा मोठा धंदा होता आणि बोटीला त्यांनी बायकोचं नाव दिलं होतं, रत्नमाला. अपोलो बंदरासमोर पाण्यात उभी असायची, पांढरी शुभ्र, आत दोन डिझेल इंजिनं, एक जनरेटर, एसी, फ्रीज, आणि आमच्या खोलीपेक्षा मोठा संडास. एके दिवशी पास्कल अंकल घरी आले ते डोकं धरूनच. म्हणाले, "बोटीचा हॉर्न मारला की संडासाचा पंप चालू होतो. काल शेटचे पाहुणे आत बसले होते, बाहेर मी हॉर्न मारला. काय सांगू तुला, ते गृहस्थ ओरडतच बाहेर आले. दोन वायरमन बघून गेले, कोणाला काय समजत नाय." बाबांची कंबर धरली होती. बाबा म्हणाले, "कुंदाला घेऊन जा." आईनं हातातला चहा तसाच ठेवला. अंकलनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पाण्याला घाबरते काय?" मी म्हटलं, "पाण्याला नाही, पाहुण्यांना." त्यांना हसू आलं.

दुपारपर्यंत मला दुखणं सापडलं. हॉर्न आणि संडासाचा पंप दोघांची अर्थिंगची वायर एकाच पितळी पट्टीवर बांधलेली, आणि ती पट्टी खाऱ्या हवेनं हिरवी होऊन गेलेली. हॉर्नच्या करंटला घरी जायला वाट मिळेना, म्हणून तो पंपातून जात होता. पट्टी घासली, नव्यानं आवळली, अंकलनी हॉर्न मारला आणि संडास गप्प बसला. एका दिवसासाठी गेलेली मी त्या बोटीवर चार वर्षं राहिले. अंकलनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. "ए वायरमन!" अशीच हाक, बंदरावरच्या खलाशांसमोरसुद्धा, आणि ते खलाशी आधी हसायचे ते नंतर हसायचे बंद झाले.

अंकलची शिकवण्याची रीत वेगळीच होती. ते इंजिनाला कधी लगेच पाना लावायचे नाहीत. आधी त्याच्यासमोर पत्र्याच्या डब्यावर बसायचे आणि डॉक्टरासारखे तीन प्रश्न विचारायचे. कधी दुखतंय? कुठे दुखतंय? आणि दुखायच्या आधी काय खाल्लंस? उत्तरं एका लांबट वहीत लिहायची. कुठला वार, भरती की ओहोटी, काय काय चालू होतं, काटा कुठे होता. वहीला ते 'आजाराची वही' म्हणायचे. सकाळी बोटीवर गेलं की आधी तेल बघायचं, पाणी बघायचं, बॅटऱ्या बघायच्या, मग दोन्ही इंजिनं पाऊण तास चालवायची आणि काटे वहीत उतरवायचे. इंजिन गरम झालं की आमचे डबे त्याच्या डोक्यावर. आईनं दिलेल्या तिसऱ्यांचं सुकं आणि अंकलच्या घरचं, बाटल्यांत भरून ठेवलेल्या बॉटल मसाल्याचं मटण शेजारी शेजारी गरम व्हायचं, आणि मग आम्ही झाकणातून देवाणघेवाण करायचो. एकदा मी तळलेल्या बांगड्यांचा डबा इंजिनावरच विसरले आणि एसी चालू झाला. शेटच्या केबिनमधे आठवडाभर बांगडे हजर होते.

बोटीवर अंकलचा कायदा एकच, पण फार कडक. बोटीवरून समुद्रात काही टाकायचं नाही. विडीचं थोटूक टाकलं म्हणून एका खलाशाला त्यांनी अख्खी बोट पुसायला लावली होती. "समुद्र आपला नळ आहे आणि आपणच त्यात थुंकायचं?" असं म्हणायचे. बोटीचं इंजिन थंड राहतं ते समुद्राच्याच पाण्यानं. प्रत्येक इंजिनासाठी त्याच्या बाजूला, बोटीच्या पोटाला, पाण्याखाली, एक भोक असतं, त्यावर बाहेरून जाळी. पंप तिथून पाणी आत ओढतो, ते गाळून इंजिनाभोवती फिरतं आणि मागच्या पाइपातून धुराबरोबर बाहेर पडतं. जाळी तुंबली तर इंजिन तापतं. हे सगळं मला पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं आणि तरीही मी जे केलं ते केलं, म्हणून तर हे लिहितेय.

आता पिशव्यांचं. मुलगी बोटीवर जाते, पुरुषांत काम करते, संध्याकाळी डिझेलचा वास घेऊन जिना चढते, यावर चाळीत बोलणं चाललंच होतं. नवव्या दिवशी सकाळी मी जिन्यात, तर गावडे काकी दार अडवून उभ्या. मला वाटलं आता काहीतरी टोमणा. काकींनी कॅरीबॅग पुढे केली. आत सुकलेले हार, दुर्वा, बेल, तांदूळ, कापसाची वस्त्रं. "तू रोज दर्यार जातंस मगो? ह्यां वायच सोड. हय नळाच्या मोरीत टाकूक जीव होणा नाय." मी नाही कशी म्हणणार? दुसऱ्या दिवशी तीन पिशव्या. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरूनही येऊ लागल्या. आणि काय चमत्कार, मला कुणी नावं ठेवीना! कालपर्यंत "काय ता थेर" म्हणणाऱ्या बायका आता आईला नळावर पहिला नंबर द्यायला लागल्या. "कुंदाचं बाई पुण्याचं काम," म्हणायला लागल्या. आई आयुष्यात पहिल्यांदा चाळीत मान वर करून चालत होती, आणि त्या मानेखाली माझ्या हातात दोन पिशव्या लटकत होत्या. बसमधला कंडक्टर त्यातून डोकावणारा हार बघून मला म्हणायचा, "बसा ताई, देवाचं आहे तर मांडीवर घ्या."

आणि मी ते सोडायची कुठे? बंदराच्या पायऱ्यांवरून सोडलं तर खलाशी बघणार, अंकलच्या कानावर जाणार. म्हणून बोटीवर गेल्यावर अंकल खाली इंजिनरूममधे उतरले, इंजिनं सुरू झाली, त्या आवाजात काही ऐकू येणार नाही अशी खात्री झाली की मी डाव्या बाजूला जायची, हात जोडायची आणि पिशवी उलटी करायची. पिशवी घडी करून खिशात. उजव्या बाजूला इतर बोटींवरची माणसं बघायची, म्हणून डावी बाजू. इतका विचार केला होता, तेवढा जाळीचा केला असता तर?

मार्गशीर्ष लागला आणि पहिल्या शुक्रवारी डावं इंजिन तापलं. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे आमच्या चाळीत घरोघर महालक्ष्मी. कलश, पाच झाडांच्या डहाळ्या, शेवंतीच्या वेण्या, आणि शुक्रवारी सकाळी ते सगळं उतरवून विसर्जन. म्हणजे माझ्याकडे. त्या शुक्रवारी मी पाच पिशव्या नेल्या होत्या. काटा ऐंशीवर असायचा तो नव्वदच्या वर गेला, अंकलनी इंजिन बंद केलं, आतली गाळणी उघडली, तर स्वच्छ. पाण्याचा पंप उघडला, त्यातला रबरी पंखा ठणठणीत. पुन्हा चालू केलं, तर काटा ऐंशीवर, जसं काही झालंच नाही. आज मला कळतं काय होत होतं ते. इंजिन चालू असलं की पंपाची ओढ फुलापानांचा लगदा बाहेरच्या जाळीवर दाबून धरायची, आणि बंद केलं की लगदा सुटून खाली जायचा. आम्ही आत शोधत होतो, चोर बाहेर होता.

सोमवारी माझी सुटी. मंगळवारी वही बघते तर सोमवारसमोर अंकलच्या अक्षरात लिहिलेलं: डावं गरम, ब्याण्णव. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. पुढच्या सोमवारी पुन्हा. अंकलनी पंखा बदलला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याच्या नळ्या काढून त्यांत फुंकून बघितलं. डब्यावर बसून इंजिनाला विचारायचे, "अरे बाबा, काय खाल्लंस सांग ना!" दुसऱ्या शुक्रवारी तर शेट बायकोला घेऊन आले होते आणि मधेच बोट थांबली. तिसऱ्या शुक्रवारीही तापलं, आणि पुढच्या बुधवारी निरोप आला. थर्टीफर्स्टला शेटची बोटीवर पार्टी होती. त्याच्या आधी, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार उलटल्यावरच्या शुक्रवारी, शेट स्वतः येऊन बोट चालवून बघणार. सोबत एका कंपनीचा टाय लावलेला इंजिनिअर. आणि डावं इंजिन तापलं तर पहिल्या तारखेपासून बोट तो टायवाला सांभाळणार. पास्कलनं घरी बसायचं.

अंकल तेव्हा अठ्ठावन्नचे. दुसरं काही येत नव्हतं त्यांना आणि दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. निरोप ऐकून त्यांनी दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला म्हणाले, "वायरमन, तू मटण खाऊन टाक." मी खाल्लं नाही. त्या दुपारी वहीची पानं उलटताना मला ते वार दिसले. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार. दुखायच्या आधी काय खाल्लंस? अगं बाई गं! शेवंती खाल्ली, डहाळ्या खाल्ल्या, गावडे काकींच्या वेण्या खाल्ल्या! मी वही मिटली. पण लगेच मनानं पळवाट काढली. सोमवार? सोमवारी तर मी बोटीवर नसतेच. मग सोमवारी कसं तापतं? म्हणजे माझं नसेल. त्या सोमवारांना मी दोन दिवस घट्ट धरून बसले. तोंडानं अंकलना काही सांगितलं नाही. आज लिहितानासुद्धा मला स्वतःचा राग येतो. भित्री होते मी, दुसरं काय!

तरी एवढं ठरवलं की शुक्रवारी बोटीवरून एक पाकळीही पडणार नाही. शेवटचा गुरुवार म्हणजे उद्यापन. शुक्रवारी सकाळी दार उघडते तर जिन्यात रांग. प्रत्येकीच्या हातात पिशवी, खालच्या मजल्यावरच्या दोघींनी तर गोणीच भरलेली. मी म्हटलं, "आजपासून मी नेणार नाही." गावडे काकी पुढे आल्या. "कित्याक?" मी सांगितलं, "बोटीच्या इंजिनाला त्रास होतो." काकी म्हणाल्या, "देवीच्या फुलांचो त्रास? खंयच्या देवीच्या फुलांनी कोणाक कधी त्रास झालो? दर्यो काय तुज्या शेटचो आसा?" मागून एक आवाज आला, "शिकली ना आता, आमची कामं कशाला करील." आई दारात उभी. तिची मान खाली चालली होती आणि ती मला बघवेना. तेवढ्यात बाबा आतून सदरा घालत आले, कंबरेवर हात ठेवून वाकले आणि एकेक पिशवी उचलायला लागले. "भाऊच्या धक्क्यावर मी नेतो. पायीच जायचंय. चल गो, गोणी धर," असं आईला म्हणाले. आईनं पदर खोचला आणि गोणीचं टोक धरलं. ती दोघं गोणी घेऊन रस्त्यानं चाललेली मला अजून दिसतात. मी रिकाम्या हातानं बसमधे चढले, तर कंडक्टरनं विचारलं, "आज देव नाही?"

आज इंजिन तापणार नाही, याची मला अगदी खात्री होती. बोटीवर पोचले तर अंकल माझ्या आधीच येऊन इंजिनं चालवत होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. शेट आले, टायवाला आला. त्यानं हातात पांढरे मोजे घालून इंजिनाला बोट लावलं आणि मोज्याकडे बघितलं. मोजा पांढराच राहिला, म्हणून त्याला जरा वाईट वाटलं. बोट सुटली. बंदराच्या बाहेर आल्यावर अंकलनी वेग वाढवला. मी काट्यांसमोर उभी. उजवं ऐंशी, डावं ऐंशी. दहा मिनिटं, ऐंशी. मी मनात गावडे काकींची माफी मागत होते आणि मारुतीचं नाव घेत होते. वीस मिनिटांनी डाव्याचा काटा हलला. पंच्याऐंशी. मला वाटलं माझे डोळे फिरले. नव्वद. पंच्याण्णव. अंकलनी दोन्ही इंजिनं बंद केली आणि बोट नुसती डोलत राहिली.

टायवाला म्हणाला, "मेंटेनन्स प्रॉपर नाही, सर. पूर्ण कूलिंग सिस्टिम बदलावी लागेल." शेट अंकलकडे बघून म्हणाले, "पास्कल, तुला तीन वेळा संधी दिली." अंकलनी नुसती मान हलवली, आणि खिशातून आजाराची वही काढून शेटसमोर धरली, जणू राजीनामाच. तेव्हा माझ्या तोंडून निघालं. आज तर मी काही टाकलंच नव्हतं, मग माझा काय संबंध, असं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण ती वही बघवली नाही. "शेट, अंकलची चूक नाही. मी केलंय. आमच्या चाळीचं निर्माल्य मी रोज बोटीवरून सोडत होते. डाव्या बाजूनं. सगळ्या शुक्रवारी महालक्ष्मीच्या पाच-पाच पिशव्या. मला काढा, त्यांना नका काढू." आणि मी रडायला लागले, तेही नाक ओढून, टायवाल्यासमोर. शेट तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होते. "निर्माल्य?" म्हणाले. "माझ्या बोटीवरून?"

अंकल मात्र माझ्याकडे विचित्र बघत होते. रागानं नाही. "तू?" एवढंच म्हणाले. मग त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून घडी करून ठेवला, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडीवरून समुद्रात उतरले. तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आले ते गळ्यात हार घालूनच, म्हणजे मोकळ्या हातात मावेना म्हणून त्यांनी तो गळ्यात अडकवला होता. चांगला जाडजूड झेंडूचा हार, चंदेरी झिरमिळ्या लावलेला, आणि टोकाला लाल सॅटिनची रिबीन. रिबीन जाळीच्या बोल्टात अडकून बसली होती, म्हणून इंजिन बंद झालं तरी सुटला नव्हता. मी डोळे पुसून बघितलं. आमच्या चाळीच्या हारांची मला एव्हाना फुलानिशी ओळख झाली होती. सॅटिनची रिबीन आमच्याकडे कोण लावतो? हा आमचा नव्हता.

अंकल शिडीला धरून अर्धे पाण्यात, गळ्यात झेंडू. म्हणाले, "शेट, पोरीचं नाय हे. माझं आहे." आमच्या सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना नीट सांगावंच लागलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक क्रॉस आहे, दर रविवारी गल्लीतल्या बायका त्याला नवा हार घालतात, नाताळ जवळ आला की चांगला जाडजूड, आणि जुना हार कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून अंकलची बायको फिलोमिना आंटी तो सोमवारी नवऱ्याच्या पिशवीत घालते. अंकल सोमवारी बोटीवर एकटे, इंजिनं चालू करायचे आणि हार हळूच सोडायचे. डाव्या बाजूनं. "आज शुक्रवार आहे, पास्कल," शेट म्हणाले. अंकल खाली बघत म्हणाले, "काल फिलोमिनानं क्रॉसपुढे नवा हार घालून स्पेशल रोझरीची प्रार्थना ठेवली होती. आजची टेस्ट पास व्हावी म्हणून." बोटीवरून काही टाकायचं नाही म्हणणारा माणूस! आणि त्यांनाही वहीत वार दिसले होते बरं का. पण शुक्रवारी आपण काही टाकत नाही, तेव्हा आपलं नसेल, असं म्हणून तेही स्वस्थ राहिले होते. मी त्यांच्या सोमवाराच्या आड लपले होते आणि ते माझ्या शुक्रवाराच्या आड.

शेटनी टायवाल्याला विचारलं, "तुमच्या पुस्तकात आहे काय हे?" टायवाला म्हणाला, "नाही सर." शेट म्हणाले, "दोघांनी मिळून माझ्या बोटीमागे दोन-दोन देव लावले, आणि माझीच बोट बंद!" आणि खो खो हसत खुर्चीत बसले. "पास्कल, इंजिन बरं आहे ना?" अंकल म्हणाले, "एक नंबर." पुन्हा चालू केलं. बंदरापर्यंत काटा ऐंशीवरून तसूभर हलला नाही. उतरताना शेट एवढंच म्हणाले, "थर्टीफर्स्टला दोघंही या. फुलं न घेता." टायवाला त्याचे मोजे विसरून गेला. ते मी पुढे दोन वर्षं बॅटऱ्या पुसायला वापरले.

चाळीत ही बातमी वेगळ्याच रूपानं पोचली. गावडे काकींनी जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "आमच्या लक्षुमीन शेटची बोट भर दर्यात थांबवल्यान! तिच्या फुलांक नाय म्हटल्यानी म्हणान!" मी खूप समजावलं की तो हार क्रॉसचा होता. काकी म्हणाल्या, "तो पण देवच मां?" आईचा नळावरचा पहिला नंबर तसाच राहिला. आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर अंकलनी वही उघडून पहिल्या पानावरच्या रोजच्या कामांच्या यादीत, तेल, पाणी, बॅटरी यांच्या खाली, आपल्या गोल अक्षरात एक ओळ घातली. फुलं: इंजिन बंद असताना, उजव्या बाजूनं, ओहोटीला. दोरे आणि रिबिनी काढून. मग डब्यावर बसून मला विचारलं, "ए वायरमन, तू खरंच स्वतःला काढायला सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही पण पाण्यात उतरलात ना." त्यांनी झाकणात मटण वाढलं आणि आम्ही जेवलो.

आता सगळे सांगतात की समुद्रात काही टाकू नये, ठिकठिकाणी निर्माल्याचे कलश ठेवलेत, आणि ते बरोबरच आहे. मीही आमच्या टॉवरमधे खतासाठी वेगळा डबा ठेवलाय आणि कुणी कॅरीबॅगसकट टाकलं की लिफ्टमधे गाठून ओरडते. रत्नमाला सोडल्यानंतर हा नियम मी एकदाच मोडला. अंकल गेले त्याच्या सातव्या दिवशी फिलोमिना आंटीनं मला बोलावलं. क्रॉसवरचा हार कागदात गुंडाळून ठेवला होता. म्हणाली, "रविवारी पास्कलच्या नावानं घातला होता. तूच सोड. त्याला दुसऱ्या कोणाचं चालणार नाय." तेव्हा मी दुसऱ्या एका बोटीची सगळी वायरिंग सांभाळत होते. सकाळी गेले. दोन्ही इंजिनं पाऊण तास चालवली, काटे उतरवून घेतले, उजवं ऐंशी, डावं ऐंशी. मग बंद केली. भरती होती, म्हणून दोन तास डब्यावर बसून राहिले. पाणी उतरायला लागल्यावर हाराची लाल रिबीन सोडवली, दोरा काढला, आणि उजव्या बाजूला जाऊन मूठ मूठ झेंडू सोडला. रडू आलं, ते येऊ दिलं. नंतर वही उघडली आणि लिहिलं: तेल ठीक, पाणी ठीक, बॅटरी ठीक. फुलं सोडली.